सत्तावीसवर दोघी

गडचिरोलीच्या बसस्थानकाजवळ एका फोटो स्टुडिओत मी काम करते. नवरा एसटीत कंडक्टर. त्याला नोकरी लागली ती राज्याच्या या टोकाला, म्हणून सांगलीकडचं गाव सोडून मीही आले. माझी शाळा आठवीनंतर सुटली. आई द्राक्षबागेत कामाला जायची आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. हे काही रडगाणं नाही, भाऊ चांगला वाढला. पण 'आठवी' म्हटलं की समोरचा माणूस पुढचं वाक्य जरा हळू आवाजात बोलतो, तेवढं अजून खुपतं.

स्टुडिओवाल्या भाऊंनी मला कामावर घेतलं तेव्हा माऊस धरायचीही भीती वाटायची. "काऊन घाबरून राह्यली, बाई?" ते म्हणाले. "चावते का तो?" त्यांच्या अब्बांनी याच दुकानात रंगवलेल्या पडद्यापुढं माणसं उभी करून फोटो काढले. एवढ्या जुन्या दुकानात त्यांनी मला खुर्ची दिली, ते मी विसरणार नाही.

त्यांचा पहिला धडा म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला नवं फोल्डर करायचं नाही. चामोर्शीचं एक जोडपं बाळाचे फोटो काढायला आलं होतं. मी त्यांच्यासाठी नवं फोल्डर उघडायला लागले, तर भाऊ खेकसले, "लग्नाचं फोल्डर हाये ना त्याईचं? त्याच्यातच टाक. घर वाढलं बाई, बदललं नाई."

दुसरा धडा नंबरांचा. आमचे कॅमेरे दोन, पण दोन्हींची नंबर पाडायची पद्धत एकच. त्यामुळं नवे फोटो जुन्या फोल्डरमध्ये घालताना कॉम्प्युटर मध्येच थांबतो आणि विचारतो की या नावाचा फोटो इथं आधीच आहे, जुना काढून नवा ठेवू की दोन्ही ठेवू? "पयल्यावर बोट पडलं तर जुना माणूस गेला समज," भाऊ म्हणाले. "आपल्या दुकानात एकच उत्तर. दोन्ही ठेवा."

यंदा गावाकडच्या आमच्या हायस्कूलच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलं. लिंक मला बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं पाठवली. तिनं मला कधीच तोडलं नाही. त्या लिंकवर वर्गाच्या जुन्या फोटोंचं एक फोल्डर होतं, त्यात प्रत्येकानं आपला आताचा फोटो घालायचा आणि त्याला नाव म्हणून आपला हजेरी क्रमांक द्यायचा. ही सूचना आमच्या वर्गाच्या मॉनिटरची. तो आता त्याच शाळेत मास्तर आहे.

माझा स्वभाव भित्रा, म्हणून आधी त्याला मेसेज करून विचारलं, मीपण टाकू का? त्याचा फोनच आला.

"अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. पण फोल्डर दहावीच्या बॅचचं आहे. दहावीला तू होतीस कुठं?"

"पाचवी ते आठवी होते की."

"ते झालंच गं. पण अशानं कुणीही येईल. जेवायला मात्र ये हं. तुझ्याकडनं वर्गणी नको."

वर्गणी नको म्हणाला, तेव्हा नाही म्हटल्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारी मी एकाच गिऱ्हाइकाचे फोटो दोनदा छापले. भाऊंनी हेरलं. "काय झालं? साहेबाची ड्युटी लांब लागली का?" मी सगळं सांगितलं. त्यांनी लेन्स पुसता पुसता विचारलं, "त्यानं फोल्डरले कुलूप लावलं का?"

"नाही."

"मंग विचारते कायले?"

मला पडद्यापुढच्या स्टुलावर बसवलं. मी म्हणाले, "साडी बदलून येते." ते म्हणाले, "हाये तशीच बस. हनुवटी वर. अजून वर. आधार कार्डाचा नोहे हा."

फोटो चांगला आला. मी फोल्डर उघडलं आणि फोटोला नाव दिलं, सत्तावीस. तो माझा नंबर. झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि कॉम्प्युटर थांबला. या नावाचा फोटो इथं आधीच आहे.

कोण बसलंय माझ्या नंबरवर, म्हणून पाहिलं तर माझी मैत्रीणच, दारातल्या जास्वंदीपाशी हसत उभी. लगेच फोन लावला.

"तू अठ्ठावीस ना गं?"

"आठवीपर्यंत. तू गेलीस आणि तुझ्यामागचे आम्ही सगळे एकेकानं वर सरकलो. नववीत सत्तावीस पुकारलं की मी गप्पच बसायचे. तुझा नंबर तो, मी कशाला हजर म्हणू? शेवटी बाईंनी पट्टी मारली, तेव्हा म्हणायला लागले."

म्हणजे माझी जागा रिकामीसुद्धा राहिली नव्हती. हजेरीत फटच पडली नाही.

"आता काय करणारेस?" तिनं विचारलं. "मला काढून तिथं बसणार?"

"तुला कशी काढीन गं," मी म्हणाले, आणि 'दोन्ही ठेवा' दाबलं. सत्तावीस, कंसात एक. तिच्या शेजारीच आले, बाकावर बसायचो तशी.

संध्याकाळपर्यंत फोटो उडाला. मी पुन्हा घातला. पुन्हा उडाला. पुन्हा घातला. भीत होते, पण बोट थांबत नव्हतं. मग मॉनिटरचा फोन.

"परत टाकलास?"

"टाकला."

"मी काढतच राहिलो तर?"

"काढ की. मला इथं दिवसभर हेच काम असतं, बाबा. जुन्या फोल्डरमध्ये नवे फोटो घालायचे. त्याचाच पगार मिळतो."

भाऊ पाठमोरे होते, त्यांचे खांदे हलताना दिसले.

"तू वर्गातपण अशीच होतीस," तो चिडून म्हणाला. "बोलणाऱ्यांत तुझं नाव फळ्यावर लिहिलं की जाऊन पुसायचीस."

"म्हणजे होते ना मी वर्गात?"

त्यानं फोन ठेवला.

अजून सकाळी दुकान झाडायच्या आधी मी ते फोल्डर उघडून बघते. उघडताना भीती वाटतेच. माझा फोटो डेस्कटॉपवर काढून ठेवलाय, परत घालावा लागला तर लगेच हाताशी असावा म्हणून. अजून तरी लागलेला नाही.