बहिणीची सही

मित्रहो, आज शेजारच्या शांताबाईंना घेऊन हिंगणघाटला वकिलांकडे गेलो होतो. त्यांच्या वडिलांच्या वावरातला वाटा सोडल्याच्या कागदावर त्यांचे भाऊ त्यांची सही मागताहेत. त्यांना ती करायची नाही.

वकिलांनी कागद वाचलाही नाही. "बाई, भावाले कोर्टात खेचलं तं दिवाळीले माहेरी कोन बोलावन? करून टाका सही."

"मी मदत मागाले आली, साहेब," शांताबाई म्हणाल्या.

मी मध्ये बोलायला हवं होतं.

परतताना एसटीत त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या बहिणीनं केली का सही?"

केली होती. याच वकिलांकडे मीच नेलं होतं तिला. तिला सही करायची होती का, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं?