मागच्या सीटवरून निवडलेली गाडी

माणसाने अमुकच मोटरसायकल का घेतली, हे त्याला कधी विचारू नये. खोटं बोलतो. एरवी देवमाणूस असला तरी या एका बाबतीत खोटं बोलतो. "मायलेज चांगलं देते," म्हणतो, नाहीतर "पार्ट स्वस्त मिळतात." मी शेलार गावाच्या पुढे एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. आमच्या गेटच्या आत पत्र्याच्या शेडखाली रोज गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांचं खरं कारण मला ठाऊक आहे. कामाच्या जागी काहीतरी नाद हवाच.

आमच्या गोडाऊनचे जागामालक शेलार गावचेच. गळ्यात जाड चेन, आवाज मोठा, स्वभाव मात्र लोण्यासारखा. त्यांच्याकडे ती धडधडणारी जड गाडी आहे. कारण विचारलं तर सांगतात, "रोडवर वजन पायजे. ट्रेलरवाले साइड देतात." खरं कारण त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं. गाडीची धडधड नाक्यावरून ऐकू आली की वहिनी तव्यावर भाकरी टाकतात. मालक हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगलेली असते. मध्यंतरी मालकांनी हौसेने एक गुळगुळीत आवाजाची नवी गाडी आणली होती. ती दारात येऊन उभी राहिली तरी आत कुणाला पत्ता नसायचा. गार भाकऱ्या खाऊन मालक कंटाळले आणि ती गाडी विकून पुन्हा धडधडीवर आले.

आमचा क्लार्क गाडी बदलतो ती त्याच्या साडूने बदलली की. साडूपेक्षा एक नंबर मोठी घ्यायची, हा नियम. मग साडू बदलतो. दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, अजून रिक्षानेच फिरतात. खरं बोलणारा मला एकच भेटला, समोरच्या कापडाच्या लूमवरचा यूपीचा कारागीर. त्याची गाडी लालभडक. मी विचारलं, "भाई, लाल क्यों ली?" तो म्हणाला, "गाँव में बीवी को फोटो भेजनी थी. काली वाली फोटो में दिखती ही नहीं." मी त्याला तिथल्या तिथे चहा पाजला.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. माझी गाडी पुढून वाकलेली आणि मागून शेपूट वर केलेली होती. घरी सांगितलं, टायर रुंद आहेत, वाडा रोडच्या खड्ड्यांना बरी. खरं कारण असं की शोरूममध्ये तिच्यावर बसलो तेव्हा समोरच्या काचेत मी बारीक दिसलो. माझी बायको त्या शेपटावर एकदाच बसली. दुसऱ्या दिवशी तिने माहेरहून स्वतःची जुनी स्कूटर मागवली.

आता आईचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

आम्ही दिघाशी गावचे. माझी आई धवलारीण आहे, म्हणजे लग्नात धवले गाणारी. आमच्याकडे भटजी नंतर येतो, धवलारीण आधी. हळदीच्या दिवशी मांडवात देवांना, गावदेवीला आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी बोलावून घ्यायचं असतं. दारात कोण आलं, त्याचं नाव काय, त्याला पाट मांडा, असं ओळीमागून ओळ ती गात जाते. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं तर तो मांडवाबाहेर उभा राहतो, असं आमच्याकडे मानतात. तुम्ही माना न माना, पण आईला त्या बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाची खरोखर काळजी वाटते.

या कामासाठी तालुकाभर तिला बाबा नेत. त्यांची गाडी साधी, इतकी जुनी की तिचा मूळ रंग कुठला यावर घरात दोन मतं होती. आई लुगड्याचा काष्टा आवळून पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसे, आणि गाडी सुरू झाली की तिचा गळा सुरू होई. मांडव येईपर्यंत तिचे सगळे धवले म्हणून होत. नवं घर असलं तर तिथल्या गेलेल्या माणसांची नावंही वाटेतच घोकून होत. बाबा पुढून मान डोलवत चालवायचे.

बाबा गेले. वर्षभर आईने एकही लग्न घेतलं नाही. ते रीतीला धरूनच होतं. बाबांची गाडीही मग सुरू होईना, ती शेवटी भंगारात दिली. वर्ष सरलं आणि आलेलं पहिलंच लग्न घरचं निघालं. माझी ताई शेलारला दिली आहे, तिच्या मुलीचं. नातीच्या हळदीला आजीच गाणार, हे इतकं गृहीत होतं की ताईने विचारलंही नव्हतं. आणि आई फोनवर तिला म्हणाली, "मी न्हाय येत गायला."

"का?"

"पोराचे गाडीवर मना बसवत न्हाय. माडीवर चढल्यावानी वाटतं."

ताई म्हणाली, रिक्षा पाठवते. रिक्षात मळमळतं. भाच्याची कार पाठवते. कारमध्ये जीव कोंडतो. ताई शेवटी चिडून म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे. मोबाईलवर मिळतात धवले, स्पीकरला लावू." एरवी या वाक्यावर आईने फोनमधून हात घालून तिचा कान धरला असता. मोबाईलमधल्या धवल्यात कुणा भलत्याच घरचे देव आणि कुणा भलत्याच घरचे आजोबा. पण आई शांतपणे म्हणाली, "लावा की."

ते "लावा की" ऐकून मला धस्स झालं. आई भांडली नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. बायको म्हणाली, "गाडीचं म्हणतायत तर गाडी बदला. नाहीतरी त्या शेपटावर बसतंय कोण?" मला हे पटलं. गाड्यांच्या बाबतीत गावात माझा शब्द चालतो, आणि स्वतःच्या आईच्या बुडाखाली धड गाडी नाही, हे माझ्या मनाला लागलं. रविवारी आईला घेऊन कल्याण नाक्याजवळच्या एका शोरूममध्ये गेलो.

टाय लावलेला सेल्समन पुढे आला. "सर, किती सीसीमध्ये बघताय?"

"आधी हिला बसू द्या," मी म्हणालो. "ही बसेल ती घ्यायची."

त्याने आईकडे पाहिलं. साठीच्या पुढची बाई, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, नाकात नथणी. "आजी चालवणार?" त्याने चाचरत विचारलं.

"मागं बसनार," आई म्हणाली. "तुला काय वाटलं?"

पहिल्या गाडीवर ती पाय न अडखळता चढली, म्हणजे गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. बसून म्हणाली, "ही गरम हाय." गाडी सुरूसुद्धा केली नव्हती. दुसरीला मागे धरायला दांडी नव्हती. तिसरीला दांडी होती, पण ती पाठीला टोचते. चौथी काळी. "हळदीला सुतकी रंग नको." पाचवी त्याने सुरू करून दाखवली तर, "माझं दात वाजतात." सेल्समनला घाम फुटला. बाजूला एक कुटुंब हार-पेढे घेऊन स्वतःच्या गाडीची चावी मिळायची वाट बघत होतं, ते सगळे आमच्याकडेच बघत उभे राहिले. त्यांच्यातल्या एका मावशीने तर आईची बाजू घेतली. "बरोबर आहे. मागे बसणारीला कोण विचारतं?"

मला हसूही येत होतं आणि रागही. आईला मी ओळखतो. तिला एखादी वस्तू नको असली की ती त्या वस्तूत खोट काढत बसते, आणि इथे तिला गाडी नको नव्हती, लग्न नको होतं. का, ते मात्र कळेना.

शेवटी कोपऱ्यात एक उरली. सुक्या जवळ्याच्या, त्या बारीक सुकटीच्या रंगाची. हा रंग कंपनीने कुणासाठी काढला असेल देव जाणे. सेल्समननेही ती उत्साहाने दाखवली नाही. आई खोट काढून काढून दमली असावी. बसली आणि म्हणाली, "बग चालवून."

आम्ही दोघंच निघालो. बायपासच्या बाजूला गोडाऊनच्या रांगांमधून जाणारा एक काँक्रीटचा रस्ता आहे, रविवारी तो मोकळा असतो. मी गियर टाकला, गाडी लयीत आली, आणि माझ्या उजव्या कानामागे आई गुणगुणायला लागली. ठरवून नव्हे. गाडी चालली की गळा चालतो, इतक्या वर्षांची सवय.

"मांडवाचे दारी कोण गो आला, नाव सांगा त्याला, पाट मांडा त्याला."

वर्षभरात तो आवाज मी ऐकला नव्हता. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. ब्रेक, क्लच, सगळं विसरून मी नुसता ऐकत गाडी चालवत होतो. तिने गणपतीला बसवलं, गावदेवीला बसवलं, खाडीवरच्या देवाला बसवलं. मग ताईच्या सासरची गेलेली माणसं एकेक करून आणली, न चुकता. मग नवरीच्या आईचं माहेर आलं. म्हणजे आमचं घर.

"आयचे माहेरचा आजा गो आला, नाव सांगा त्याला..."

आणि ती थांबली.

मला वाटलं, श्वास घेते आहे. तिने मागची ओळ पुन्हा घेतली आणि त्याच जागी पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तर "आजा"वरच आवाज चिरकला. मला वाटलं विसरली. म्हणून मी आपलं हजेरीत सांगावं तसं, पुढे रस्त्यावर नजर ठेवून, बाबांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

 मग तिने माझ्या पाठीवर कपाळ टेकलं. शर्ट ओला झालेला मला कळला. मी गाडी कडेला घेणार होतो, तर तिने खांद्यावर चापट मारली. "थांबू नको. चालव." आणि मोकळ्या आवाजात पुढची ओळ उचलली, "आजा गो आला, पाटावर बसला." समोरून स्कूटरवर येणारा एक माणूस वळून वळून आमच्याकडे पाहत गेला.

शोरूमच्या दारात उतरताच ती सेल्समनला म्हणाली, "हीच."

तो बिचारा मायलेज सांगायला लागला. मी त्याला कागद आणायला पाठवलं आणि आईजवळ बाकावर बसलो. त्याने दिलेली थंड्याची बाटली तिने दोन्ही हातांत धरली होती.

"आये, विसरलीस का खरंच?"

"विसरंन कशी?" ती म्हणाली. "आरं, ह्यांचं नाव मी कवा घेतलंय तोंडानं? लग्नात उखाना घेतला तेवडाच, तोपन सासूनं घ्यायला लावला म्हनून. जित्या मानसाचं नाव घ्यायला लाजले. आता गेलेल्या मानसांत धरून घेऊ? माझं तोंडच वळत न्हाय." मग बाटलीकडे बघत म्हणाली, "आनि न्हाय घेतलं तर नातीचे हळदीला ते भायेर उभं ऱ्हातील. त्यापरीस म्हटलं, जायाचंच नको."

 बाबा गेल्यापासून या घरात त्यांच्याबद्दल आम्ही रोज बोललो होतो, पण त्यांचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. मी बाबा म्हणायचो, बायको मामंजी म्हणायची, आई नुसतं ते. नाव घेणारं घरात कुणी उरलंच नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग माझ्या गाडीत काय खोट होती?" मी विचारलं.

"काय न्हाय. बरी हाय गाडी. कायतरी सांगाया लागतंय ना मानसाला." आणि ती तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो, पण माझी गाडी तोवर एक्स्चेंजला लागली होती, आणि सेल्समन तिच्या शेपटावरून हात फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी शेडखाली जवळ्याच्या रंगाची गाडी बघून क्लार्कने विचारलं, "साहेब, ही का घेतली?" मी म्हणालो, "मायलेज."

शेलारच्या हळदीला अख्खा गाव मांडवात होता. डीजेवाला बाहेर टेम्पोत वायरी जोडून तयार, त्याला ताईने दटावून ठेवलं होतं, आधी आजी. धवल्यांच्या घोळक्यात बायकाच असतात. पुरुष लांब, मटणाच्या पातेल्यांपाशी. मी मात्र मांडवाच्या पहिल्या खांबाला टेकून उभा होतो. देव आले, बसले. ताईच्या सासरचे आले, बसले. मग आईने "आयचे माहेरचा आजा" म्हटलं, "नाव सांगा त्याला" म्हटलं, आणि मान वर करून सगळ्या बायकांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे पाहिलं.

सगळा मांडव माझ्याकडे वळला. ट्रेलरच्या गर्दीत रोज ओरडून ओरडून माझा घसा तयार आहे. मी बाबांना नावाने हाक मारली. पार रस्त्यावर ऐकू जाईल अशी.

आईने स्वतःच्या शेजारचा रिकामा पाट पदराने पुसला. पुढची ओळ लगेच घेतली नाही. त्या पाटाकडे बघून, कुठल्याच धवल्यात नसलेलं, ती हळूच म्हणाली, "बसा. आता जेवल्याबिगर जाव नका."