सत्त्याऐंशी पावलं बाभळीपर्यंत

मी काढलेला खाडीचा नकाशा वडिलांनी त्यांच्या मिलच्या मॅनेजरला दिला, हे मला आठ महिन्यांनी कळलं. तोवर तो घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे असं मी समजत होते. तसं वडिलांनीच सांगितलं होतं.

नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षं. मी सहावीत होते, भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. सुरतेच्या पांडेसऱ्यात आम्ही चौघं एका खोलीत राहत होतो. वडील कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये जेट मशीनवर बारा तासांची पाळी करत. मिलमध्ये कुठला रंग चालू आहे ते त्यांच्या टाचांच्या भेगांवरून कळे. लग्नसराईच्या आधी मरून, नंतर बरेच दिवस हिरवा. साबणाने तो जात नसे. रविवारी मिल बंद असे आणि रविवारी आम्ही होडीतून फिरायला जात असू.

गल्लीतली बाकीची बिऱ्हाडं रविवारी झोप काढत, नाहीतर गाववाल्यांकडे जात. आम्ही डबा आणि पाण्याचा कॅन घेऊन निघालो की शेजारची मावशी दारातून म्हणे, "निघाले दर्यावर्दी. येताना आमच्यासाठी देवमासा आणजा."

वडील खानदेशातल्या तापीकाठच्या गावचे होते आणि वल्हं मारायला चालायच्या वयातच शिकले होते, असं ते सांगत. शहरातल्या तापीवर त्यांचं मन रमत नसे. ते आम्हाला शटल रिक्षाने सचिन गावाच्या पुढे, मिंढोळा नदीवर नेत. तिथे भरतीचं पाणी बरंच आत येतं आणि दोन्ही काठांना लहान लहान खाड्या फुटतात. होडी एका म्हाताऱ्या मच्छीमाराची होती. आम्ही त्यांना काका म्हणत असू. होडीच्या बदल्यात वडील त्यांना मिलमधले रिकामे प्लास्टिकचे ड्रम आणून देत. काका ते जाळ्याला तरंगायला बांधत. निळ्या ड्रमांवर मिलचं लेबल तसंच असे.

आई कोरड्या गावची. ती होडीच्या मधोमध डबा मांडीवर धरून बसे आणि काठ येईपर्यंत बोलत नसे. काठावर पाय टेकला की तिला वाचा फुटे. "तुन्हा बापले नदी दिसनी का भूक लागत नही," ती मला सांगे आणि कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा मांडायला घेई.

जेवण झालं की आम्ही फिरायला निघत असू. तिवरांच्या मागे उंच बांध होते, बांधापलीकडे सोडून दिलेली मिठागरं. एका मिठागराशेजारी छप्पर उडालेली विटांची खोली होती. भावाच्या मते तो किल्ला होता आणि तो दर खेपेला नव्याने जिंकावा लागे. चिखलावर लेवटा उड्या मारत. लेवटा म्हणजे बोटाएवढा मासा. ओहोटीत तो चिखलावर सरपटतो आणि चाहूल लागली की बिळात शिरतो. काका ते नुसत्या हाताने पकडत. सुरतेच्या बाजारात त्याला चांगलं गिऱ्हाईक होतं.

वही वडिलांनीच दिली. मिलच्या लॅबमधली होती, चौकोन आखलेली. त्यांनी मला पावलं मोजायला शिकवलं, काठी रोवून पाण्याची खूण करायला शिकवलं, घड्याळ माझ्या हाताला बांधलं. एक नियम घालून दिला. "दखेल तेच लिखानं," ते म्हणाले. जे पाहिलं तेच लिहायचं. वाटतं ते नाही, कुणी सांगितलं ते नाही. मी पुढे वर्तमानपत्रात नोकरीला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात संपादकांनी हेच सांगितलं. मला ते नवीन नव्हतं.

त्या खोलीजवळच्या खाडीचा नकाशा करायला पाच रविवार लागले. वडील प्रश्न विचारत आणि मी उत्तर शोधून आणे. भरतीचं पाणी कुठल्या दगडापर्यंत येतं? ओसरायला लागलं की किती वेळात तळ दिसतो? बांधावरची माती दाबली तर पाय रुततो का? मिठागराची जुनी गाडीवाट पाण्यापासून किती लांब संपते? ती वाट रस्त्यावरून दिसतच नव्हती, वेड्या बाभळींनी झाकली होती. होडीतून आलं तरच सापडे. तिच्या टोकाला एक मोठी बाभूळ होती. पाण्याच्या कडेपासून बाभळीपर्यंत सत्त्याऐंशी पावलं. मी तीन वेळा मोजली.

घरात मला इतके प्रश्न कुणी कधी विचारले नव्हते. विचारलेच तर ते पाणी भरलं का, भावाला आंघोळ घातली का, असे असत. इथे वडील माझं उत्तर ऐकून मान डोलवत आणि पुढचा प्रश्न विचारत. मी त्या रविवारची वाट बघत असे.

नकाशा पुरा झाला. वडिलांनी ते पान वहीतून ब्लेडने नीट कापलं. "ट्रंकेत ठेवतो. भिजायला नको," ते म्हणाले.

पावसाळ्यात होडी बंद असे. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा जायला लागलो, पण त्या खाडीत नाही. भाऊ किल्ल्यावर जायचं म्हणून हट्ट करी. वडील म्हणत, "तिकडे गाळ झालाय. होडी अडकेल." त्यांनी दुसरी खाडी दाखवली, अर्धा तास वरच्या अंगाला. मी वहीत नवं पान उघडलं.

त्याच सुमारास त्यांची मशीनवरून बदली झाली. त्यांना मिलचं बाहेरचं काम मिळालं आणि फिरायला मिलची लुना. बाहेरचं काम म्हणजे काय ते मी विचारलं नाही. महिन्याभरात त्यांच्या टाचा पांढऱ्या झाल्या. आईने ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना सांगितली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दुसऱ्या खाडीतून परतत होतो. भावाने पाण्यात पाय सोडले होते. एका बुडालेल्या खुंटावरच्या शिंपल्यांनी त्याची टाच कापली. रक्त थांबेना. आई पहिल्यांदा होडीत बोलली. "जवळ लावा. कुठेही लावा."

जवळ जुन्या खाडीचं तोंड होतं. वडिलांनी वल्हं थांबवलं. ते वरच्या काठाकडे बघत राहिले, मग खालच्या. "तिथं गाळ आहे," ते म्हणाले.

"पोराचा पाय बघा आधी," आई म्हणाली.

त्यांनी होडी आत घेतली. गाळ नव्हता. पाणी मरून रंगाचं होतं. कडेच्या तिवरांची मुळं हातभर उंचीपर्यंत त्याच रंगाची झाली होती. मला तो रंग ओळखायला वेळ लागला नाही, तो मी घरी टाचांवर बघितला होता. चिखलावर काही हलत नव्हतं. बिळं होती, तोंडाशी सुकलेला रंग होता.

आम्ही उतरलो. आईने पदर फाडून भावाचा पाय बांधला. बाभळीखाली टँकर उभा होता. त्याचा जाड पाइप बांधावरून खाली पाण्यापर्यंत सोडला होता. मी ज्या दगडाशेजारी काठी रोवली होती तिथे आता बांबू होता, त्यावर लाल पट्टा.

टँकरचा ड्रायव्हर बाभळीखाली डबा खात होता. वडिलांना बघून उठला. "अरे साहब, छुट्टी में भी चेकिंग? घरवालों को लेकर?"

वडील म्हणाले, "लड़के को लगा है."

ड्रायव्हरने केबिनमधून कापूस आणि आयोडीन आणून आईला दिलं. माणूस चांगला होता. मग माझ्याकडे बघून हसला. "यही बिटिया है ना, नक्शे वाली? क्या नक्शा बनाया है. बबूल तक सत्तासी कदम, मैंने गिना, पूरे सत्तासी निकले. मेरे कदम बड़े हैं, फिर भी सत्तासी."

केबिनच्या काचेमागे प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद होता. माझं अक्षर. बाभळीला मी हिरवा रंग दिला होता, तिथे ती काळी होती. खाली कुणीतरी इंग्रजीत वेळा लिहिल्या होत्या, भरतीच्या आणि ओहोटीच्या.

"पाणी लाल पट्ट्याखाली गेलं की मग सोडायचं," वडील मला म्हणाले. "दोन तासात समुद्राला जातं. काही राहत नाही." मी विचारलं नव्हतं.

आम्ही परत निघालो. भाऊ आईच्या मांडीवर झोपला. काठावर काका नव्हते. होडी बांधून आम्ही रिक्षात बसलो.

घरी आल्यावर मी वडिलांना म्हटलं, "आप्पा, नकाशा ट्रंकेत आहे म्हणाला होतात."

त्यांनी ट्रंक उघडली, आईच्या लग्नातल्या शालूखालून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. बाभूळ हिरवी होती. "ट्रंकेतच आहे," ते म्हणाले. "ती झेरॉक्स होती."

मी आईकडे बघितलं. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुन्हा बापना पायवरना रंग गया, हाई चांगलं नही का?"

म्हणजे तिला माहीत होतं. होडीत तिने 'कुठेही लावा' म्हटलं तेव्हा तिच्या मनात भावाच्या पायाशिवाय काही नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्याच आठवड्यात वडिलांनी दुसऱ्या खाडीचा नकाशा मागितला. पहिल्या ठिकाणी गावकऱ्यांनी तक्रार केली होती, तपासणीवाले येणार होते, मिलला पाणी सोडायची जागा बदलायची होती. हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. या वेळी काही लपवलं नाही.

मी नकाशा दिला. त्यात गाडीवाट दाखवली नाही. काठाची माती भुसभुशीत आहे, पाय घोट्यापर्यंत रुततो, असं लिहिलं. भरतीचं पाणी शेवटच्या वळणापर्यंत पोचत नाही, असंही लिहिलं. तिन्ही गोष्टी खोट्या होत्या.

वडिलांनी खाटेवर बसून तो वाचला. सावकाश वाचला. ती वाट ते माझ्याबरोबर दोनदा चालले होते. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं, गाडीवाट आखली, मातीबद्दलची ओळ खोडून 'टणक' लिहिलं, वळणाजवळ बाण काढला.

"काय सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

मी वही मिटली.

"काय सांगितलं होतं मी?"

"दखेल तेच लिखानं."

"मग? आता फेअर कर. खाडाखोडीचा साहेबांना नाही देता येत."

मी नवं पान घेतलं आणि फेअर केलं. हे कुणी माझा हात धरून करवून घेतलं नाही. वाट ठळक काढली, माती टणक लिहिली, पाणी वळणापर्यंत नेलं. आई पोळ्या लाटत होती. वडील शेजारी बसून पट्टी धरत होते, रेघ हलू नये म्हणून. पूर्वीही ते अशीच पट्टी धरत.

त्यानंतर आम्ही एकदाच होडीवर गेलो. रविवार होता, भावाची टाच बरी झाली होती. काका काठावर जाळं विणत बसले होते. वडिलांनी आणलेले दोन ड्रम त्यांच्यापुढे ठेवले.

काका ड्रमांकडे बघून म्हणाले, "तमारी मिलमां पूछजो ने, आ पाणी कोनुं छे? लेवटा बधा मरी गया." तुमच्या मिलमध्ये विचारा, पाणी कुणाचं आहे ते, लेवटा सगळे मेले. ड्रमावरचं लेबल त्यांच्या गुडघ्याला लागून होतं. काकांना वाचता येत नव्हतं.

"विचारतो," वडील गुजरातीत म्हणाले.

"हवे तो हुं उपरनी खाडीमां जाउं छुं," काकांनी सांगितलं. "त्यां हजी सारुं छे." आता वरच्या खाडीत जातो, तिथे अजून चांगलं आहे.

वरच्या खाडीचा फेअर नकाशा तीन दिवसांपूर्वी मिलमध्ये पोचला होता. वडिलांनी दोरीची गाठ सोडायला घेतली. मी वही छातीशी धरून उभी होते.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "छोकरी, तुं तो बधुं लखे छे ने? आ पण लख. लख के अहीं लेवटा हता."

इथे लेवटा होते, असं लिही. मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी गाठ सोडली, दोरी होडीत टाकली आणि माझ्या आधी काकांना उत्तर दिलं.

"एनी चोपडी पूरी थई गई," ते म्हणाले. तिची वही संपली.

वहीत अकरा पानं कोरी होती.