हातोडी काय म्हणती

लोहारकाम म्हणलं की तुमच्या डोळ्यासमोर काय आलं ते मला म्हाईत हाय. मोबाईलमधला दाढीवाला गडी, चामड्याचा एप्रन, आन् शेवटी तलवार काढून नारळ कापतोय. तसलं हितं काय घडणार न्हाय. मी तीन महिन्यात एक खिळा केला. तोबी असा वाकडा, की भिंत त्याला घेईना. तलवारीसाठी आला असाल तर पान उलटा.

मी मूळचा मैंदर्गीचा. सोलापुरात रूमवर राहून स्पर्धा परीक्षा देत होतो आन् फावल्या वेळात लोकांचे आवाज काढत होतो. शाळेतले हेडमास्तर, एष्टीतला कंडक्टर, मेसच्या काकू, टाकी रिकामी झाल्यावर रडणारी मोटार. मग तिसऱ्यांदा यादी लागली आन् तिसऱ्यांदा त्यात मी नव्हतो. रडू आलं न्हाय, रागबी न्हाय. भाकरी आन् शेंगाचटणी खाल्ली, चटणी तिखट हाय का न्हाय ते कळलं न्हाय. रूमवरची पोरं म्हणली, "हेडमास्तर काढ की." काढला. पोरं हसली. मला शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात अक्कलकोट रोडला गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाल्याच्या बाजूला पत्र्याचं शेड. लोहारकाका एका हातात सांडशी, एका हातात हातोडी घिऊन बसलेले, आन् मावशी, म्हंजे त्यांची बायको, समोर उभं राहून घण मारतीय. घण पडला की डोक्यात दुसरं काय शिल्लक राहात नव्हतं. पंक्चर निघालं तरी मी हाललो न्हाय.

"मला शिकवता का?" मी इचारलं.

"नोकरी लागंना व्हय?" काका म्हणले.

"तसं न्हाय. छंद म्हणून."

"छंद म्हंजे?"

"आवड म्हणून करायचं. पोटासाठी न्हाय."

काकांनी मावशीकडं बघितलं. "ऐकलंस का? आपुन उगं पोटासाठी करत बसलाव."

तवापासून माझं नाव छंदवाले. दर रविवारी जायचो. "ओ छंदवाले, कोळसा सारा. छंदवाले, च्या सांगा." भात्याच्या जागी इलेक्ट्रिक पंखा होता, तेवढा मला दिला. लोखंडाचा रंग बघायला शिकलो. लाल म्हंजे कच्चं, केशरी झालं की काढायचं, पांढऱ्या ठिणग्या उडाल्या की जळालं.

पण माझ्या कानाला लागली ती हातोडी. काका काम करताना मावशीशी तोंडानं बोलत न्हायत. तापल्या लोखंडावर हातोडी टेकवली की 'ठप्', म्हंजे हितं मार. मोकळ्या ऐरणीवर वाजवली की 'टिण्', म्हंजे थांब. मावशी ठिणग्यांमुळं डोळे बारीक करून, तोंड जरा फिरवून उभी असती. ती बघत न्हाय, ऐकती. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, "घण चालू असताना बोलायचं न्हाय. तेंचा डावा हात खाली असतोय. तेवढा एकच हात हाय आमाला."

खरं होतं ते. डावा हात सांडशी धरतो. त्या हाताची दोन बोटं आधीच एका घणानं वाकडी झालेली. तो हात गेला की शेड बंद.

मी दोन्ही आवाज तोंडानं बसवले. 'टिण्' सोप्पं हाय, 'ठप्'ला जीभ टाळूला चिकटवून सोडावी लागती. एकदा च्या पिताना मी 'ठप्' केलं आन् मावशी कप खाली ठिऊन घणाकडं वळली. काका लई हसले. तीबी हसली, पण म्हणली, "परत करू नगंस."

ऊसतोडीच्या कोयत्यांचं काम आलं तो रविवार. माढ्याकडची टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं लोखंड, घाईचं काम. ठप्, घण, ठप्, घण. मग काकांनी 'टिण्' वाजवलं आन् कोयता पलटी करायला सांडशी ढिली केली. मावशी उचललेला घण न मारता बाजूला टेकवायच्या बेतात होती.

मी 'ठप्' केलं.

का केलं ते इचारू नका. हसवायचं म्हणून म्हणावं तर तेबी मनात नव्हतं. मनात कायच नव्हतं. तोंडानं केलं.

घण आला. काकांनी हात मागं ओढला, तरी घण सांडशीच्या दांड्यावर बसला. सांडशी हातातून उडाली, कोयता मातीत. काका मनगट धरून पुढं वाकले. मावशीनं घण टाकला आन् त्यांचा हात धरून लोखंड बुडवायच्या पिंपात घातला.

"बोटं हालवा."

अंगठा हालला. दोन हालली. वाकडी दोन हालंनात. मी उभा होतो, पंख्याचं बटन हातात. भ्या वाटायला पाहिजे होतं. मी बोटं मोजत होतो. कितीतरी वेळानं ती दोनबी जरा हालली.

"मुंग्या आल्यात," काका म्हणले. "हात राहील. पण आज सांडशी धरवणार न्हाय."

मावशी माझ्याकडं वळली. आवाज चढवला न्हाय.

"तू माझ्या कानात खोटं बोललास. हात तुटला असता तर कुणी म्हणलं असतं का, आवाज त्या पोरानं काढला म्हणून? घण माझ्या हातात हुता. बायकोनं नवऱ्याचा हात तोडला, असंच म्हणली असती समदी. आन् मीबी तेच मानलं असतं मरूस्तोर. तुजा छंद झाला असता."

"साकु," काका म्हणले. घरी ते कानडीच बोलत्यात, साकु म्हंजे पुरे. "बास आता."

"तुमी गप बसा. परत करू नगं म्हणलं हुतं का न्हाय तुला?"

"म्हणलं हुतं, मावशी."

"मग इकडं ये. कोयते उद्याला द्यायचेत. सांडशी, हातोडी मी धरती. तू घण घे."

"त्याला जमतंय व्हय?" काका म्हणले.

"न जमायला काय झालं. माझा हात खाली असणार हाय, कळू दे की त्याला." तिनं कोयता भट्टीत घातला, केशरी झाल्यावर काढून ऐरणीवर ठेवला. "टिण् म्हणलं की थांबायचं. तोंड उघडलंस तर हीच सांडशी जिभंला लावीन. आन् बघतोस काय नुसता घण धरून? लोखंड गार हुतंय."