कमळाचं माहेर

हेदवा वाकरुळकर म्हणजे कामाला वाघ आणि तोंडाची फटकळ. इस्रायलमधल्या अश्दोदहून रोज बसनं विद्यापीठात यायची. काचघरातल्या झाडांना पाणी घालायची, हौद घासायची, प्रयोगशाळेला लागतील ती पानं तोडून द्यायची. सगळं कंत्राटदाराच्या हाताखाली. १९९८च्या त्या उन्हाळ्यात मात्र तिला 'क्वियूत' मिळायची होती, म्हणजे पक्की नोकरी. काय सांगू, नवरा गेल्यापासून तिचा सगळा जीव त्या एका शब्दात अडकला होता!

डॉक्टर शोशीच्या प्रयोगशाळेत काम चालायचं फुलझाडांची नाती लावायचं. पान हिरवं दिसतं ते आतल्या बारीक हिरव्या कणांमुळे, आणि त्या कणांना स्वतःची जनुकं असतात. झाडाझाडांची ती जनुकं शेजारी मांडून ताडून पाहिली, की कोण कोणाच्या जवळचं ते उमगतं. कोट्यवधी वर्षांचा गोतावळाच म्हणा ना.

अलोन तिथला विद्यार्थी, संगणकात तरबेज, झाडांत नवखा. त्यानं हेदवाला 'निम्फेआ'चं पान आणायला सांगितलं. निम्फेआ म्हणजे कमळ, हे तिनं केव्हाच मनाशी धरलेलं. कोकणातल्या वाकरुळच्या तळ्यात जे फुले ते कमळ, संपलं. तिनं पान आणलं.

निकाल आला आणि अलोनचं डोकंच फिरलं. पाण्यातलं ते पान जाऊन बसलं थेट दोलेवच्या शेजारी! दोलेव म्हणजे चिनार, काचघराच्या दारातलं ते आडदांड झाड.

"हेदवा, तू दारात गळलेलं पान उचललंस." हिब्रूत अहो-जाहो नाहीच, लहानथोर सगळ्यांना तू.

"मी? कोपरापर्यंत हात बुडवला होता मी हौदात, मेल्या!" 'मेल्या' तेवढं मराठीत होतं म्हणून बरं.

पोरगा वाईट नव्हता. आवाज खाली करून म्हणाला, "मिसळलं असेल म्हण ना. नमुना फेकून देऊ, शोशीला कळणारही नाही. ऐन क्वियूतच्या तोंडावर कशाला भानगड?"

हेदवानं नुसतं हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही. पान पाण्यातलंच होतं. नोकरी जाईना का खड्ड्यात!" हेदवा म्हणाली.

प्रकरण गेलं डॉक्टर शोशीकडे. प्रयोगशाळा तिची, क्वियूतवर सहीही तिची. ती म्हणाली, "हौद दाखव."

हेदवानं तिला कोपऱ्यातल्या हौदापाशी नेलं. पानं पाण्यावर पसरलेली नव्हती, देठावर छत्रीसारखी वर उभी होती. शोशीनं कपाळावर हात मारला. "अगं, हे निम्फेआ नव्हेच, त्याची पानं पाण्यावर पसरतात! हे लोटस!"

"अगो बाई! आमच्यात दोन्ही कमळंच."

म्हणजे चूक शेवटी तिचीच. आता गेलीच नोकरी, हेदवाला वाटलं. पण शोशी तर हसत होती.

"तू चुकलीस, पान नाही चुकलं. लोटस निम्फेआची कोणी लागत नाही. पाण्यात राहून राहून दोघींचे चेहरे तेवढे सारखे झालेत. लोटसचा जवळचा नातलग हा दोलेवच! काही वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भल्याभल्यांना पटेना. तू मिसळलं म्हणाली असतीस तर आम्ही खरं पान कचऱ्यात टाकलं असतं. रविवारी आठवडा सुरू झाला की ये, तुझ्या कागदावर सही करते."

बाईनं आनंदानं उडी मारायची की नाही? ती आपली आ वासून दाराकडे बघत राहिली. साल सोलपटत उभा असलेला तो दांडगा चिनार आणि चिखलातलं हे नाजूक कमळ, एका घरचे! अंगावर काटा आला तिच्या.

"एवढं जुनं नातं," ती हळूच म्हणाली, "दोघांच्या चेहऱ्यावर काही उरलं नाही, आणि पानात राहिलं? कोणी सांभाळलं हे?"

"आयांनी," शोशी म्हणाली. "हे हिरवे कण बहुतेक फुलझाडांत आईकडूनच येतात. तिला तिच्या आईकडून, तिला तिच्या."

हेदवा हौदाच्या काठावर मटकन बसली आणि पदर नव्हता म्हणून बाहीनंच डोळे पुसू लागली. शोशी घाबरली. "काय झालं गं?"

"आम्ही बेने इस्रायल, कोकणातून आलेले. माझ्या लग्नाच्या वेळी धर्मगुरूंच्या कचेरीत आईला विचारलं, तू यहुदी कशावरून? यहुदीपण येतं आईकडून, तर तुझी आई कोण, आजी कोण, पणजी कोण? म्हणाले, शुद्धीची एक डुबकी मारून नव्यानं यहुदी हो, लगेच परवानगी देतो."

"मग?"

"लग्न रखडलं माझं. पण आईनं डुबकी मारली नाही."