उजव्या चाकाची कुरकुर

आर्वो केस्किटालोचं गॅरेज आमच्या अल्डर पॉइंट गावाच्या चढावर आहे. सरोवराकडून येणारी गाडी चढ चढू लागली की आर्वो दारात येऊन उभा राहायचा आणि ती पोचायच्या आत सांगून मोकळा व्हायचा, "ॲक्सल गेला हिचा." नाही तर, "काही झालेलं नाही, सायलेन्सर लोंबतोय." माणसांशी तो फारसा बोलत नसे. त्याची बायको इर्मा म्हणायची, "माझं म्हणणं कळायला याला आठवडा लागतो. मी घरात चाकं लावून फिरायला हवं होतं."

इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. गाड्या खालून गंजून चाळणी होतात, पण आमची माणसं गाडी सहजासहजी भंगारात घालत नाहीत. त्यामुळे आर्वोच्या हाताला काम कधी कमी पडलं नाही. कमी पडले ते कान. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याचा कर्कश खडखडाट जन्मभर ऐकून ते साठीनंतर जाऊ लागले. आधी बारीक आवाज गेले. पाखरं, फोनची घंटी, आणि वळताना ॲक्सलच्या सांध्यातून येणारी टकटक. त्याने कुणाला सांगितलं नाही. इर्माला टीव्हीच्या आवाजावरून कळलं होतं, पण तीही गप्प राहिली.

मग लॉइड ट्रेवेनाच्या गाडीचं प्रकरण झालं. लॉइड बर्फ उपसायचं यंत्र चालवतो. त्याच्या गाडीच्या पुढच्या बाजूने घरघर येत होती. आर्वोने फेरी मारली, त्याला जेमतेम काही तरी ऐकू आलं आणि त्याने ॲक्सल बदलला. बिघाड होता चाकाच्या बेअरिंगमध्ये. काही दिवसांनी ते बेअरिंग भर रस्त्यात जाम झालं आणि लॉइड गाडीसकट चरातल्या बर्फात जाऊन बसला. त्याला खरचटलंही नाही. तो चिडलाही नाही. माझ्या दुकानात कॉफी पिताना एवढंच हसत म्हणाला, "आर्वो आता अंदाजपंचे दुरुस्ती करतो." मी गल्ल्यावर होतो आणि आर्वो ब्रेडच्या कपाटामागे उभा होता. नेमकं ते वाक्य त्याला ऐकू गेलं.

त्याने लॉइडची गाडी नीट करून दिली आणि गॅरेजला कुलूप घातलं. मुलीने आग्रह करून कानाचं यंत्र आणून दिलं. ते घालून त्याने एकदा पाना चालवून पाहिला, तर आवाज कानात खिळे ठोकल्यासारखा आला. यंत्र खणात गेलं. आर्वो दिवसभर खिडकीशी बसून राहू लागला. इर्माने निसू हा गोड पाव भाजला, त्याचा वेलदोड्याचा वास घरभर सुटला, तरी तो उठून स्वयंपाकघरात येईना. तेव्हा मात्र ती घाबरली.

एप्रिलमध्ये बर्फ ओसरलं आणि डार्लीन पेल्कोला त्यांच्या दारात आली. डार्लीन आमच्या भागात टपाल वाटते, तेही स्वतःच्याच जुन्या स्टेशन वॅगनमधून. टपालाच्या पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे असलं तरी ती उजव्या सीटवर बसून डावा पाय लांब करून गाडी हाकते. आर्वो आणि ती शाळेत एका वर्गात होते.

"गाडी टकटक करतेय," ती खुर्ची ओढत मोठ्याने म्हणाली. "पेटीपासून निघून डावीकडे वळलं की टक टक टक टक. पुलापलीकडचा गॅरेजवाला म्हणतो, बाई, फेकून द्या ही."

"मग फेक."

"तुला फेकलं का इर्माने?"

इर्मा कॉफी ओतता ओतता हसली. आर्वो हसला नाही. "मला ऐकू येत नाही, डार्लीन. लॉइडला विचार."

"लॉइड बर्फात पडला, आता हिंडतोय टुणटुणीत. अरे, आवाज मी ऐकते ना! सगळ्या गावाचं ऐकते, माझ्या गाडीचं नाही ऐकणार?"

"नाही म्हटलं ना."

"बरं." डार्लीन उठली. गाडीची किल्ली तिने साखरेच्या भांड्याशेजारी ठेवली. "इर्मा, तुझा ट्रक नेते गं. माझी गाडी तुमच्या अंगणात राहू दे. कावळ्यांनी घरटं केलं तर कळव." आणि ती गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्वो अंगणात गेला. "नुसतं बघतो," असं त्याने इर्माला तीनदा सांगितलं. पुढचं उजवं चाक वळवून तो वाकला. सांध्यावरचं रबरी आवरण फाटलं होतं आणि काळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे उडालं होतं. ग्रीस गेलं, वाळू शिरली, सांधा झिजला. टकटक कशाची ते डोळ्यांनाच दिसत होतं. कुणीही ॲक्सल बदलून हात झाडले असते.

पण लॉइडच्या वेळीही त्याला अशीच खात्री वाटली होती. त्याने कुलूप काढलं, गाडी आत घेतली आणि पुढची बाजू जॅकवर उचलली. चाक वर-खाली धरून हलवून पाहिलं, खालून पहार लावून पाहिली. ढिलेपणा नव्हता. मग डाव्या चाकावरच्या स्प्रिंगवर तळहात टेकवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. स्प्रिंग शांत राहिली. तो उजवीकडे आला. तिथे चाक फिरताच तळहाताखाली काही तरी खरखरलं, अगदी बारीक. त्याने हात काढला, पँटला पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा खरखर. आपलाच हात थरथरतोय की काय, हे मात्र त्याला कळेना.

"इर्मा!" त्याने हाक मारली. इतक्या वर्षांत गॅरेजमधून त्याने तिला कामासाठी बोलावल्याचं तिला आठवत नव्हतं. ती पिठाच्या हातांनीच आली.

"इथे हात ठेव. काही बोलू नकोस." त्याने डावं चाक फिरवलं, मग उजवं.

इर्माने डोळे मिटले होते. "हे पलीकडचं गुळगुळीत आहे. हे कुरकुरतंय. दळण भरड आल्यासारखं."

"नक्की?"

"जन्मभर पीठ मळलंय रे मी. हाताला कळतं मला."

आर्वो खाली बसला. बेअरिंगही जायला लागलं होतं. डार्लीनचं उजवं चाक रोज रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांतून जायचं, तिथेच सांधा आणि बेअरिंग दोन्ही झिजली होती. नुसता ॲक्सल घातला असता तर उद्या डार्लीन चरात गेली असती. "दोन्ही गेलेत," तो म्हणाला, आणि खूप दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला.

सुटे भाग आल्यावर काम सुरू झालं. ॲक्सलचा नट मिठाने असा धरला होता की तेल पाजलं, गॅसच्या ज्योतीने तापवला, तरी हलेना. शेवटी पान्याला लांब पाइप जोडून नवरा-बायको दोघं त्यावर लोंबकळले. नट एकदम सुटला आणि दोघं जमिनीवर आपटले. इर्माला हसू आवरेना. "लग्नात नाचला नाहीस, आता लोळवलंस!" मग दाब देणाऱ्या प्रेसवर जुनं बेअरिंग निघालं, नवं बसलं. नव्या ॲक्सलचं टोक गिअरबॉक्समध्ये ढकलताना आतली कडी अडकल्याचा आवाज व्हायला हवा. तो त्याला ऐकू आला नाही, पण मनगटाला झटका जाणवला. त्याने ओढून पाहिलं. सुटलं नाही.

फेरी मारायला पूर्वी तो एकटाच जायचा. या वेळी डार्लीनला चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसला, एक हात डॅशबोर्डवर टेकून. चर्चच्या रिकाम्या आवारात तिने स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल गोल फेऱ्या मारल्या.

"टकटक?"

"नाही."

"घरघर? खरं सांग."

"अरे, तुझं पोट वाजतंय तेवढंच. काही खाल्लं नाहीस का?"

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने तिला गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवायला लावली. डॅशबोर्ड शांत होता, पायाखालचा पत्राही शांत होता. डार्लीन तोंड मिटून ऐकत होती. तिच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची. सरोवरावर अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. आर्वो म्हणाला, "अजून थोडं पुढे घे." गाडी ठीक आहे हे त्याला कळलं होतं. त्याला उगाच जायचं होतं.

गॅरेज उघडलं, पण रीत बदलली. आता गाडी सोडून कुणाला जाता येत नाही. मालकाने शेजारी बसायचं आणि आवाज कुठून, कधी, कसा येतो ते सांगायचं. सुरुवातीला लोक लाजायचे. आता चढावर मोठमोठ्या माणसांच्या तोंडून घुर्र, टक, किर्र ऐकू येतं. लॉइडही त्याचा ट्रक घेऊन आला आणि अर्धा तास तोंडाने घरघर करून दाखवत होता. आर्वो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "जरा वरच्या पट्टीत कर." लॉइडने खरंच केलं.

यासाठी कानाचं यंत्र खणातून बाहेर आलं. पाना सुरू करायच्या आधी तो ते काढून खिशात टाकतो आणि कुणी बोलायला लागलं की परत कानात घालतो. चाक उचललं की इर्माला हाक जाते. आधी तो हात ठेवतो, मग ती, आणि दोघांचं जुळल्याशिवाय काही उघडत नाही. परवा जुळलं नाही. एका पिकअपच्या पुढच्या चाकावरून दोघं जेवणापर्यंत भांडत होते. इर्मा म्हणे बेअरिंग, आर्वो म्हणे टायर. मी पेस्ट्या, म्हणजे खिम्याच्या मोठ्या करंज्या, घेऊन गेलो तेव्हा ती त्याला म्हणत होती, "पुन्हा फिरव. आणि या वेळी नीट लक्ष दे."