जुन्या नावाची बाई

साताऱ्याच्या वाचनकट्ट्यावरून मी सांगलीला परतले ती डोकं फिरवूनच. एका निवृत्त प्राध्यापकांनी माझ्या कथेबद्दल वीसेक माणसांसमोर सांगितलं होतं, "कल्पना चांगली आहे हो, पण काळजाला भिडत नाही. विचारानं लिहिलेल्या गोष्टीचं असंच होतं. त्यातून ही फॅन फिक्शन!" शेवटचा शब्द त्यांनी चपलेला काहीतरी लागल्यासारखा उच्चारला. लोक हसले. मीही हसले, आणि आपण का हसलो याचा संताप मला सांगलीचा स्टँड येईपर्यंत पुरला.

कथा अशी होती. टीव्हीवरच्या एका मालिकेतली सून मी उचलली होती; दुसऱ्याचं पात्र घेऊन आपली गोष्ट लिहायची, यालाच फॅन फिक्शन म्हणतात. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात, आणि पुढच्या भागापासून तिचं माहेरचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. आपल्याकडे होतं तसंच. मला प्रश्न पडला, मग ती जुन्या नावाची बाई जाते कुठे? माझ्या कथेत ती जातच नाही. नवी सासरी जाते, जुनी माहेरी राहते. नियम मी नीट आखले होते. जुनीला माहेरचा उंबरा ओलांडता येत नाही. तिचं वय वाढत नाही. आणि त्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं, की ती नाहीशी होते. रेशनकार्डावर दोघींपैकी कुणाला ठेवायचं, इथपर्यंत मी विचार केला होता.

मोबाइलवर गोष्टी वाचायच्या एका ॲपवर कथा टाकली तेव्हाही वाचणाऱ्या बायकांनी विचारलं होतं, नवरा-बायकोची भेट कुठंय, रुसवा-फुगवा कुठंय? अरे, रडवायला काय लागतं? एक आजारी मूल आणा, एक चिठ्ठी उशिरा पोचवा, झालं काम. डोकं वापरून लिहिलं की या बाईला हृदयच नाही म्हणायला सगळे मोकळे! भयंकर चीड येते मला याची.

घरात शिरले तर सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर शिराळ्याचं, शिक्षण सातवी, आणि ती मालिका एक दिवस चुकवत नाहीत. मी पर्स आपटली आणि प्राध्यापकांचा उद्धार सुरू केला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "मी वाचली तुझी गोष्ट. चुकीचं लिवलंयस."

"आत्या, तुम्हीपण?" मी जवळजवळ ओरडलेच.

"वरडू नको. शेवटचं माणूस गेलं की ती जुनी मरती, असं लिवलंयस न्हवं? न्हाई मरत. माझा थोरला भाऊ तेवढा मला त्या नावानं हाक मारायचा. त्यो गेला. तवापासनं मीच मला हाक मारती. हितं, भाकरी करताना, कोण नसलं की. लय राग आला मला तुझा. दोन दिस झालं, घास गोड लागंना. तू आपली तिला मारून मोकळी झालीस."

हात चालूच होते, पण तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्या प्राध्यापकांना धरून आणून इथे उभं करावंसं वाटलं मला. भिडली होती ना कथा! नायक नाही, भेट नाही, नुसत्या एका नियमावरून या बाईचं जेवण उडालं होतं. जिंकल्याचा आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू?

मग लाज वाटली. बावीस वर्षं मी यांच्या हातचं जेवतेय. जुन्या नावाच्या बाईचं काय होतं, हा प्रश्न मला पडला तो टीव्हीकडे बघून, आणि उत्तर शोधत मी रेशनकार्डापर्यंत जाऊन आले. या घरात जिला विचारायचं तिला कधी विचारलं नाही. दिवसभर दुसऱ्यांवर काढलेला राग सगळा माझ्यावरच आला.

"आत्या, काय होतं तुमचं ते नाव?"

त्यांनी पिठाचे हात परातीत झटकले आणि माझ्याकडे बघितलं.

"आत्ता इचारतीस व्हय? गोष्टीत घालायला?"

नाव त्यांनी सांगितलं नाही.